खोली तुमची, कूड माझा

बाई, तुम्ही मला विसरला असाल आणि त्याचं मला नवल वाटणार नाही. हयात होतात तेव्हा चष्मा डोक्यावर ठेवून तो घरभर शोधायचात, दर पावसाळ्यात एक छत्री एस्टीत सोडून यायचात, आणि चुलीवर दूध ठेवून पुस्तक उघडलंत की ते दूध उतू जायच्या आत मला धावत यावं लागायचं. तर आठवण करून देते. विंझरच्या पुढच्या वाडीत ज्या घराच्या पडवीतल्या खोलीत तुम्ही सहा वर्षं राहिलात, त्या घराची मी सून. तुमच्या लाडक्या विद्यार्थिनीची आई. हे दुसरं सांगितल्यावर तरी आठवेल. सगळ्यांना मी अशीच आठवते.

मला लिहिता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. मी बोलते आणि नात लिहिते. लेकीची लेक, सुट्टीला आली आहे. ती माझं 'न्हाई' खोडून 'नाही' करते आणि वर मलाच म्हणते, आज्जी, बाईंना लिहितेयस ना, मग नीट नको का? म्हणजे हिलाही तुमचा धाक. तुम्ही जाऊन वीस वर्षं उलटली, हिनं तुम्हाला डोळ्यांनी पाहिलेलं नाही, तरी धाक. पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं हे मात्र तिनं विचारलं नाही. शहाणी आहे. आईवर गेली. आई कुणावर गेली, त्याचंच तर हे सगळं रामायण आहे.

रविवारी शाळेत कार्यक्रम आहे. लेकीनं तिथं पोरांसाठी विज्ञानाची खोली करून घेतली. कपाटं, टेबलं, बारकं मोठं करून दाखवणारी यंत्रं, सगळं आलं. दारावर बोर्ड लागला आणि बोर्डावर तुमचं नाव. त्याच्यावर कापड टाकलेलं असेल, ते मी ओढायचं असं लेकीचं म्हणणं. मी म्हटलं, गुडघे दुखतात. ती म्हणाली, कापड हातानं ओढायचं असतं. मी म्हटलं, बघू. त्याला चार दिवस झाले, मी अजून बघतेच आहे. दुखणं गुडघ्यात नाही हे तिला कळतं. म्हणून ती दोन्ही वेळा फोन करते, जेवलीस का विचारते, आणि कापडाचं नाव काढत नाही. मी नाही म्हटलं तर सरपंच ओढतील, मुख्याध्यापक ओढतील, ओढणारे हात पुष्कळ. पण लेक मनातून माझ्यापासून एक पाऊल लांब जाईल, आणि बाई, तुमच्यामुळे ती आधीच बरीच लांब गेली आहे.

गावात कुणी विचारलं की लेक काय काम करते, तर मी सांगते, माश्या पाळते. खोटं नाही. पुण्यात तिच्या कामाच्या जागी मी एकदा जाऊन आले. काचेच्या नळ्यांच्या रांगा, नळ्यांच्या तोंडात कापसाचे बोळे, आत त्या पिकल्या केळ्यावर घोंगावतात तसल्या बारक्या माश्या. त्यांना खायला मक्याच्या पिठाचा घाटा करतात, गोड. तिची एक विद्यार्थिनी तो ढवळत होती आणि गुठळ्या होत होत्या. मी तिच्या हातातून पळी काढून घेतली. पीठ आधी गार पाण्यात कालव म्हटलं, मग उकळत्यात सोड, आणि हात थांबवू नको. त्या दिवशी माश्यांनी नळी चाटून पुसून ठेवली असणार. तुम्हाला जमलं असतं का हे? तुमचं पिठलं मी खाल्लेलं आहे.

मग लेकीनं मला खुर्चीत बसवून पडद्यावर दोन चित्रं लावली. काळ्यावर हिरवे-तांबडे धागे, चमकणारे, एकमेकांत गुंतलेले. म्हणाली, आई, यातलं एक माशीच्या अंगातलं आहे आणि एक कोंबडीच्या पिल्लाच्या. ओळख. मी नीट निरखून सांगितलं, ह्ये नीटनेटकं कोंबडीचं, ह्ये गिचमीड माशीचं. तिनं टाळी वाजवली. नेमकं उलटं होतं. आणि म्हणाली, वाईट वाटून घेऊ नकोस, वरची नावं झाकली तर मलाही सांगता यायचं नाही.

तिनं सांगितलं ते मला कळलं तसं सांगते. आपलं अंग बारक्या पेशींचं असतं, आणि पेशी म्हणजे काही नुसतं पाणी भरलेलं पोतं नव्हे. आत धाग्यांचा सांगाडा असतो. तो तिला आकार देतो, तिला हलवतो, आतलं सामान इकडून तिकडे नेतो. ते धागे ज्या प्रथिनांचे वळलेले असतात ती माशीत, कोंबडीत आणि माणसात जवळजवळ सारखीच. माशीची आणि आपली वाट कोट्यवधी वर्षांमागं वेगळी झाली. तिला पंख फुटले, आपल्याला पाठीचा कणा आला, डोळे बदलले, रक्ताचा रंग बदलला, हे मात्र बदललं नाही. मी विचारलं, का? तर म्हणाली, त्या धाग्याला आत कितीतरी जणांशी जमवून घ्यावं लागतं. एकाशी बरं जुळावं म्हणून तो जरा बदलला की बाकीच्या सगळ्यांशी बिनसतं. ज्या जिवात तो भलताच बदलला, तो जीवच टिकला नाही. मी म्हटलं, म्हंजी मोठ्या घरातली थोरली सूनच की. ती इतकी हसली की घाटा ढवळणारी पोरगी दारात येऊन बघायला लागली.

मी म्हटलं, मग माशी आपली भाऊबंद. म्हणाली, लांबची. मग ती मेली तर सुतक धरायचं का? म्हणाली, मग मला जन्मभर सुतकातच राहावं लागेल. अशी आमची थट्टा चालली होती, आणि तिच्या टेबलाकडे माझं लक्ष गेलं. तिथं तुमचा फोटो. काचेच्या चौकटीत, पुढं चाफ्याचं फूल. मी सगळीकडे नजर फिरवली. माझा नव्हता. विचारलं तर म्हणाली, तुझा मोबाईलमध्ये आहे ना, तू सतत माझ्याजवळ असतेस. बोलणं छान येतं तिला. तुम्हीच शिकवलंत.

मी तिला विचारलं, तुझ्या माशीत नि कोंबडीत येवढंच अंतर, तर माझ्यात नि बाईंच्यात किती? ती म्हणाली, "आई, त्यात तर काडीचाही फरक नाही."

"मग टेबलावर त्या का?" मी म्हटलं.

तिनं संगणक बंद केला आणि मला जेवायला घेऊन गेली.

आता तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं झाली, अजून हिचं तेच. हो, अजून तेच. माझी लेक सात वर्षांची होती तेव्हा तुम्ही तिला भिंग दिलंत, पितळी कडीचं. त्या दिवसापासून ती माझ्या घरात राहून तुमच्या घरात राहायला लागली. मुंगीचा पाय बघ, नाकतोड्याचं पोट बघ, मेलेली माशी काडेपेटीत जपून ठेव. एकदा मी तिला तव्यावरच्या भाकरीवर लक्ष ठेवायला सांगून विहिरीवर गेले. परत येते तर भाकरीचा कोळसा, आणि ही चुलीपुढं बसून माशीच्या पंखातून उजेड बघते आहे. मी तिच्या पाठीत धपाटा घातला. तुम्ही पडवीतून आत आलात. आवाज चढवला नाहीत. नुसतं म्हणालात, "अहो, भाकरी परत थापता येते." एवढंच. माझ्या चुलीपुढं उभं राहून, माझ्या लेकीसमोर. मी खाली मान घालून परात पुढं ओढली आणि परत थापली. तुम्हालाही वाढली. तुम्ही चांगली झालीय म्हणालात. तेवढा तुकडा तरी तुमच्या घशात अडकावा असं मला वाटलं होतं, बाई. हे लिहिताना नात माझ्याकडे बघते आहे. लिही म्हटलं, त्या आता काय करणार आहेत मला.

मग तुमची बदली भोरला झाली. आपल्या शाळेत पुढचे वर्ग नव्हते. तुम्ही म्हणालात, पोरीला माझ्याकडे ठेवा. मालकांनी मला न विचारता होकार दिला. माझं माहेर उत्रोलीला, भोरपासून हाकेच्या अंतरावर. मामाचं भरलं घर होतं, भात पिकत होता, मामी जीव लावणारी होती. ते सोडून माझी लेक तुमच्या एका खोलीत राहिली, पाच वर्षं. कारण मामाकडे माणसं फार, अभ्यास होत नाही. मामाकडे माणसं फार असणं हा दोष असतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

एक दिवस मी तांदळाचं गाठोडं घेऊन भोरला येते. पहाटे निघालेली, दोन एस्ट्या बदललेल्या. तुम्ही मला चहा देता. पोर शाळेतून यायची आहे. मी भिंतीला टेकून बसते, तुम्ही वह्या तपासता. बाहेर चपलांचा आवाज होतो आणि ती पायरीवरूनच हाक मारते, "आई". मी तोंड उघडायच्या आत तुम्ही "ओ" देता.

ती तुम्हाला काय म्हणायची, मी कधी विचारलं नाही, आजवर नाही. तुम्ही लाल झालात आणि डोक्यावरचा चष्मा टेबलावर शोधायला लागलात. लेक दारात थिजली. मग मला बघून धावत येऊन गळ्यात पडली. तुम्ही मीठ आणायच्या निमित्तानं बाहेर गेलात, आणि मीठ न घेताच परत आलात. तुम्हाला मूलबाळ नव्हतं. मला ते दिसत होतं. दिसत होतं म्हणून राग यायचा थांबला नाही. तुम्ही गेलात तेव्हा ती जशी रडली तशी मी गेल्यावर रडेल का, हे बघायला मी नसणार, एवढीच आता खंत.

तर परवा दुपारी काय झालं. लेकीनं रविवारचं भाषण नातीला मोबाईलवर धाडलं, चुका काढायला. मी म्हटलं, वाच, ऐकू दे. त्यात पोरांना समजेल असा दाखला होता. लिहिलं होतं, आमच्या बाईंच्या खोलीला कूड होता, कारवीच्या काड्यांची लिंपलेली भिंत. त्याच्या काड्या कुजायच्या, वाळवी लागायची, त्या बदलल्या जायच्या, पण कूड तसाच उभा. पेशीतला सांगाडाही असाच सारखा मोडतो आणि सारखा जुळतो, आणि त्याची गाठ माशीपासून माणसापर्यंत तीच राहते.

मी म्हटलं, थांब. बदलल्या जायच्या म्हणे. त्या काय रात्रीतून आपापल्या बदलत व्हत्या? नि बाईंची खोली म्हणे. कूड कुणी घातला?

कूड मी घातला, बाई. सुगी उरकली की डोंगरात जाऊन अंगठ्याएवढ्या जाडीच्या काड्या निवडून मोळ्या डोक्यावर आणल्या मी. काड्या उभ्या लावायच्या, आडव्या बांबूच्या कांबी, घायपाताच्या वाखाच्या दोरीनं बांधायचं, मग शेणमातीत भाताचं तूस कालवून दोन्ही अंगांनी लिंपायचं. उत्रोलीला आमच्याकडे मातीच्या भिंती, कूड मी सासरीच पाहिला. म्हणून एका वर्षी मला शहाणपण सुचलं. सासूबाईंची गाठ वेळखाऊ, तर मी माहेरी भाताचे भारे बांधायचो तसली सोपी गाठ मारली आणि काड्याही जरा जाड घेतल्या, टिकाऊ होतील म्हणून. जाड काडीला कांब बसेना, कांबीला वाख पुरेना, पण वरून लिंपल्यावर कुणाला दिसतंय? आषाढात कूड पोट काढून पुढं आला आणि एका सकाळी तुमच्या पुस्तकांवर पडला. सासूबाई ओल्या मातीत उभ्या राहून म्हणाल्या, "हितं सगळी हीच गाठ मारत्यात. ज्यांनी बदलली त्यांची घरं कुठं हायेत आता?"

पाऊस थांबल्यावर मी तो कूड पहिल्यापासून बांधला, त्यांच्या गाठीनं. मी बाहेरच्या अंगाला, आत खोलीत तुम्ही पुस्तकं उन्हाला लावताय, आणि लेक मला आतून एकेक काडी सरळ धरून देते आहे. हे ती विसरली. नऊ वर्षांची होती, तिचे हात होते त्या कुडाला. आणि तुम्ही तिला सांगत होता. लिंपण अर्धं झालं होतं, काड्यांच्या फटीतून मला सगळं ऐकू येत होतं, दिसतही होतं. तुम्ही म्हणालात, "बघ, आई कुजलेली काडी काढते आणि तिथंच नवी घालते. घर जागचं हलत नाही. आपलं अंगही असंच असतं. मला हे पुस्तकातून कळलं, तुझ्या आईला हातातून."

म्हणजे लेकीचा तो दाखला, जो ती कुठं कुठं सांगत फिरते, तो त्या फटीतून आला. बोललात तुम्ही, पण बोललात माझ्या हातांबद्दल. असं माझ्याबद्दल त्या घरात कुणी कधी बोललं नव्हतं. मी काय केलं? चिखलाचा मोठा गोळा उचलला आणि त्या फटीवर आपटला, तुम्ही दोघी दिसायच्या बंद होईतो.

भाषणात आणखी एक वाक्य आहे. नातीनं ते हळू वाचलं, मला बरं वाटावं म्हणून. "माझ्या आईला शिकायची संधी मिळाली नाही." ऐकून पोरं हळहळतील, बाया डोळ्याला पदर लावतील. ते वाक्य ऐकल्यावर मी उठून अंगणात गेले. नातीला वाटलं मला भरून आलं. मला घाम फुटला होता.

कारण त्या कुडाच्याच दिवशी संध्याकाळी तुम्ही पाटी आणि पेन्सिल घेऊन माझ्याकडे आला होतात. म्हणालात, रोज अर्धा तास बसू, दार लोटून, कुणाला कळायचं नाही. मी पाटी घेतली. हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही चहाला आलात तेव्हा ती दुधाच्या पातेल्यावर झाकण होती. तुम्ही पाटीकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत, चहा संपवलात. छत्र्या विसरणारी बाई ते विसरली नाही, कारण नंतर इथं होतात तोवर, आणि भोरच्या पाच वर्षांतही, तुम्ही पुन्हा कधी विचारलं नाहीत.

आणि मला आडकाठी कुणाची नव्हती. मालकांची नाही, सासूबाईंना तर कळलंही नसतं. तुमच्यापुढं बसले असते तर माझ्याच घरात माझ्या लेकीनंतरची दुसरी विद्यार्थिनी झाले असते. मला तुमच्यापुढं नव्हतं बसायचं, बाई. मला तुमच्या जागी बसायचं होतं.

नातीचा हात थांबला आहे. विचारते, आज्जी, हे आईला सांगायचं? मी म्हटलं, न्हाई. कागद घडी करून माझ्या लुगड्यांच्या ट्रंकेत तळाला टाक. मी गेल्यावर सापडला तर सापडला, तेव्हा मला लाजायचं काम नाही. मग भाषणातल्या त्या वाक्याचं काय, म्हणते. ते काढ म्हणाव. का ते विचारलं तर म्हणाव आज्जीला आवडलं नाही. आणि कुडाच्या जागी एवढंच घाल, की कूड आईनं बांधला, काड्या मी धरल्या, आणि बाईंनी मला तो दाखवला. तिघींची नावं एका ओळीत बसली तर बसू देत.

बाई, तुम्ही माझ्या दारात सहा वर्षं राहिलात आणि मागून म्हणून एकच गोष्ट खाल्लीत, लसणाच्या रश्शात शिजवलेल्या हुलग्याच्या शेंगोळ्या. पहिल्यांदा मागितल्यात तेव्हा मी चार जास्त वळल्या होत्या, आणि उरल्या म्हणून वाढल्या असं सांगितलं होतं.

आता पोरी, पत्र झालं. आईला फोन लाव. सांग, कापड मी ओढते, रविवारी सकाळी मला न्यायला ये. आणि शाळेतल्या पोरांना बिस्किटांचे पुडे वाटू नको म्हणाव. सगळ्या शाळेला पुरतील एवढ्या शेंगोळ्या मी वळीन. हुलग्याचं पीठ उद्याच्या एस्टीनं धाड, ताजं दळलेलं. लसूण सोलून धाड, माझी बोटं वळायला अजून चालतात, सोलायला नाही. आणि लसूण जरा जास्तच घाल म्हणाव.